रबरी हरणासाठी कपड्यांची यादी

रविवार, ९ नोव्हेंबर २००३, सकाळी साडेनऊ. हजर: मी, माझी नागपूरची मैत्रीण, शिकवणारे काका, एक नवरा-बायको, एक बाप आणि त्याच्या दोन मोठ्या मुली. गैरहजर: कोणी नाही. हवा ढगाळ, जमीन ओली, वारा पश्चिमेकडून, हलका.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. वाऱ्याची दिशा का लिहून ठेवली, ते पुढे येईलच.

मी तेव्हा साउथहॅम्प्टनला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात नोकरीला होते. कंटेनरमध्ये काय भरलंय त्याच्या याद्या तपासणं हे माझं काम. वय सेहेचाळीस, घटस्फोटाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही, एका बेडरूमचा फ्लॅट. आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात जात, शनिवार कपडे-झाडू-बाजारात जाई. रविवारचं काय करायचं, हे मात्र मला त्या देशात अकरा वर्षं राहूनही जमलं नव्हतं.

मैत्रीण माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायची. सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टवर आली होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. लायब्ररीतल्या नोटीस बोर्डवर तिनं एक कार्ड पाहिलं: धनुष्यबाण चालवायला शिका, सहा रविवार, जंगलात, रबरी प्राण्यांवर नेम. ती कार्डावरचा नंबर हातावर लिहूनच माझ्याकडे आली.

"ताई, चल. नाहीतर तू रविवारी पण मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावून राहशील."

"लेबलं लावून झालीयेत," मी म्हटलं.

"मंग तर चलच."

मी होकार दिला आणि ताबडतोब यादी करायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधलं, तर अमेरिकेतल्या कुणा शिकाऱ्यानं लिहिलेलं पान सापडलं. धनुष्यानं शिकार करू पाहणाऱ्या नवशिक्यानं काय घालावं, काय सोबत ठेवावं, त्याची मुद्देसूद यादी. ब्रिटनमध्ये धनुष्यानं शिकार करायला कायद्यानं बंदी आहे, आणि आम्हाला नेम धरायचा होता तो रबराच्या प्राण्यांवर, हे मला ठाऊक होतं. पण यादी चांगली होती, आणि चांगली यादी हातात आली की मला सोडवत नाही. झाडावर बांधून बसायचा पट्टा, सुरी आणि दुर्बीण एवढं खोडलं. बाकी एकोणीस गोष्टी ठेवल्या आणि प्रत्येकीपुढे दोन चौकोन काढले, एक माझा, एक तिचा.

त्या यादीतलं बरंचसं आजही मी कुणाही नवशिक्याला सांगेन. अंगालगतचा कपडा सुती नको, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि तासाभरानं पाठ गार पडते. त्यावर लोकरीचं काहीतरी, आणि सगळ्यात वर सळसळ न करणारं जॅकेट. घोट्याच्या वर येणारे बूट, मोजे दोन जोड, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, कारण ओल्या गवतात गोचिडी असतात. टोपीची कड आखूड, रुंद कड दोरीला आडवी येते. धनुष्य धरायच्या हाताला कातडी आर्मगार्ड, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतल्या भागावर बांधायचा पट्टा, कारण सुटलेली दोरी तिथेच फटकारते. दोरी ओढायच्या तीन बोटांना कातड्याचा तुकडा. कमरेला भाता. धनुष्य आणि बाण क्लब देणार होता.

जुने लष्करी कपडे विकणाऱ्या दुकानातून आम्ही हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची जॅकेटं आणि पँटी आणल्या. पुरुषांचं सगळ्यात लहान मापही मला दोन इंच ढगळ होतं. फिटिंग रूममधून बाहेर आले तशी मैत्रीण म्हणाली, "ताई, तू तर झुडूप दिसून राहिली."

"तसंच दिसायचं असतं. यादीत आहे."

"मी पण दिसून राहिली का?"

"तू कुंडीतलं."

यादीचा शेवटचा भाग वासाबद्दल होता. शिकाऱ्याच्या कपड्यांना माणसाचा वास येता कामा नये. ते सुवास नसलेल्या साबणानं धुवावेत, उघड्या हवेत वाळवावेत, बंद पिशवीत ठेवावेत. ते घालून स्वयंपाक करू नये. आदल्या दिवशी कांदा-लसूण टाळावा.

हा भाग वाचताना मला काहीच नवल वाटलं नाही. उलट वाटलं, हे तर माझं सगळं तयार आहे. ऑफिसात जायचा कोट मी कित्येक वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, बाथरूमच्या कपाटात ठेवत होते, कारण घरात किचनपासून सगळ्यात लांबची जागा ती. फोडणी फक्त शनिवारी सकाळी, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून, बेडरूमच्या दाराखाली ओला टॉवेल लावून. आठवड्याची भाजी-आमटी तेव्हाच करून फ्रीजरमध्ये. डब्यात चीज सँडविच. मला कधी कोणी काही बोललं नव्हतं. एकदा फक्त, मी नवीन असताना, एका सोमवारी सुट्टीवरून परत आले तर माझ्या खुर्चीमागच्या शेल्फवर लॅव्हेंडरच्या वासाची एक छोटी बाटली ठेवलेली दिसली. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही. संपली की तिच्या जागी नवी यायची.

तर शिकाऱ्याच्या सूचना मी अक्षरशः पाळल्या. दोघींचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुतले, बाल्कनीत वाळवले, पिशव्यांत भरले. मैत्रिणीला शनिवारी फोन करून बजावलं, "आज लसूण खाऊ नकोस."

"काऊन?"

"यादीत आहे."

क्लबचं रान शहरापासून गाडीनं अर्ध्या तासावर होतं. एक लाकडी खोपटं, त्यात चहाची किटली, समोर सरावासाठी गवताच्या पेंढ्यांवर लावलेला कागद, आणि मागे झाडी. झाडीतून एक पायवाट फिरून परत यायची. तिच्यावर जागोजाग रबरी प्राणी: हरणं, रानडुक्कर, टर्की, एक अस्वलसुद्धा. शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. पहिल्या दहा मिनिटांतच मैत्रिणीनं त्यांचं नाव काका ठेवलं. ते आम्हा सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणायचे. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच देते.

आम्हाला बघून त्यांनी किटली खाली ठेवली. "बाकीची पलटण कुठाय?"

मग गंभीर झाले आणि एकच नियम सांगितला. रानात कोणी एकटं जायचं नाही, कधीच नाही, कमीत कमी दोघं. बाण चुकला की तो प्राण्यामागच्या पाल्यात शोधावा लागतो. शोधणारा मागून येणाऱ्यांना दिसत नाही. म्हणून एकानं प्राण्यासमोर उभं राहायचं, किंवा दोघंही शोधायला लागले तर धनुष्य प्राण्याला टेकवून ठेवायचं, म्हणजे मागच्यांना कळतं, इथे माणूस आहे. आणि एकटा माणूस पडला, लागलं, तर सांगणार कोण? "म्हणून इथे लपायचे कपडे कशाला? तुम्ही दिसायला हव्यात," असं म्हणत त्यांनी खोपटातून दोन नारिंगी टोप्या आणून आमच्या डोक्यांवर घातल्या. माझी ढगळ बाही त्यांनी क्रेप बँडेजनं गुंडाळली, नाहीतर दोरी तीत अडकली असती. स्कार्फ काढायला लावला.

मग पहिलं हरीण. पंधरा पावलांवर, मान वळवून आमच्याकडे बघणारं. मी धनुष्य उचललं आणि मनापासून विचारलं, "वारा कुठल्या बाजूनं आहे? त्याला आपला वास गेला तर?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग हरणाकडे बघितलं. "लव्ह, त्याला नाक नाहीये. आहे ते रंगवलेलं आहे."

मैत्रीण हसत हसत ओल्या जमिनीवर बसलीच. "ताई! कालपासून लसूण नाही खाल्ला मी! रबराच्या हरणासाठी!"

मीही हसले. वहीत मात्र वाऱ्याची दिशा खोडली नाही. चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्यापुढे दुरुस्ती लिहायची असते. मी लिहिलं: आवश्यक नाही.

घरी येताना गाडीत तिनं विचारलं, "पण तुला हे सारं करताना एकदाही हसू नाही आलं का?"

"नाही."

ती काहीतरी बोलणार होती, पण समोर राउंडअबाउट आलं आणि मला गाडीकडे लक्ष द्यावं लागलं.

चौथ्या रविवारी तिचा आर्मगार्ड बांधायला मी मदत करत होते, तेव्हा तिनं सांगितलं की प्रोजेक्ट डिसेंबरात संपतोय, तिला नागपूरला परत बोलावलंय. मी पट्टा एक भोक जास्तच आवळला असावा, कारण ती "ताई, हात!" म्हणाली.

क्लबचं सभासदत्व मला त्या सहाव्या रविवारनंतर मिळणार होतं. पण जोडीला कोणी नसेल तर सभासद होऊनही मला खोपटासमोरच्या कागदापुढेच उभं राहायला लागणार होतं. रान बंद. तिथले सगळे जोडीजोडीनं यायचे, नवरा-बायको, भाऊ-भाऊ, बाप-लेकी, आणि कुणाच्या जोडीत तिसरं म्हणून घुसायला माझी जीभ रेटेना. गोष्ट लहान आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा माझे सहा रविवार आखलेले होते, आणि सातव्याचा मला खरोखर धसका बसला.

मग मी त्याचीही यादी केली. रविवारी बरोबर येऊ शकतील अशी माणसं. ऑफिसातल्या तिघी, लेस्टरला राहणारी मामेबहीण, महाराष्ट्र मंडळातल्या एक वहिनी. मामेबहीण तीन तासांच्या अंतरावर, ती पहिल्यांदा खोडली. वहिनी म्हणाल्या, "अहो, या वयात धनुष्यबाण? त्यापेक्षा आमच्या भजनाला या." ऑफिसातल्या एकीला विचारलं. ती म्हणाली, "किती छान कल्पना आहे!" याचा अर्थ नाही असा असतो, हे मला तोवर कळायला लागलं होतं. उरलेल्या दोघींना विचारलं नाही.

मैत्रीण ख्रिसमसच्या आधीच्या गुरुवारी गेली. हीथ्रोला बॅग वजनात बसेना. तिनं उघडून बूट काढले, लोकरीचं जॅकेट काढलं, शेवटी आर्मगार्ड काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा पोस्टानं पाठवशील, ताई. नागपुरात क्लब काढते मी."

"लगेच पाठवते."

"आणि लसूण खात जा."

जानेवारीत मी एकटीच गेले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून गेले. कागदापुढे उभी राहून सहा बाण सोडायचे, चालत जाऊन काढायचे, परत येऊन सहा सोडायचे. जोड्या एकेक करून झाडीत जायच्या. त्यांचा आवाज काही वेळ ऐकू यायचा, मग नाही. काका खोपटात कप धूत बसायचे. असे तीन रविवार गेले. माझा नेम खूप सुधारला.

चौथ्या आठवड्यात शनिवारी दिवसभर पाऊस होता. बाल्कनीत वाळत घातलेलं जॅकेट आत घ्यावं लागलं, ते किचनच्या दारावर टांगलं आणि तिथेच मी लसणाची फोडणी देऊन आमटी केली. रविवारी रानात पोचून जॅकेट चढवलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. परत जावंसं वाटलं. पण आलेच होते, म्हणून सरावाच्या रांगेत सगळ्यात टोकाला जाऊन उभी राहिले, आणि त्या दिवशी मात्र वारा कुठून आहे ते नीट बघून उभी राहिले.

थोड्या वेळानं काका गुडघा दाबत दाबत माझ्यापर्यंत चालत आले. आले आणि नाक वर करून थांबले.

"हा वास तुझा आहे?"

"सॉरी," मी म्हटलं. "पावसामुळे जॅकेट आत वाळवलं. पुढच्या वेळी असं होणार नाही."

"सॉरी कशाला?" ते जवळजवळ रागावले. "कंटेनर यायच्या आधी आमच्या शेडमध्ये पोती यायची. जिरं, मिरी, हळद. घरी गेलो की बायको म्हणायची, दारातच शर्ट काढ. मग कंटेनर आले आणि बंदराला कशाचाच वास राहिला नाही. वर क्रेनमध्ये बसून नुसत्या पेट्या उचलायच्या, आत काय आहे ते माहीत नाही."

"आत काय आहे ते मला माहीत असतं," मी म्हटलं. "यादी माझ्याकडे असते."

ते हसले. मग माझ्या डब्याकडे बोट केलं. "त्यात हेच आहे?"

"चीज सँडविच."

"देवा," ते म्हणाले. "तू मूर्ख आहेस, लव्ह."

मला एकदम बरं वाटलं. त्या देशात माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

मी विचारलं, "तुम्ही रानात का जात नाही?"

"बायको होती तोवर जायचो. आता एकटा आहे. नियम मीच केलेला." आणि मग, "तू मैत्रिणीची वाट बघतेयस असं मला वाटलं."

"मला वाटलं, तुमचा गुडघा."

"गुडघा आहेच. सावकाश चालावं लागेल."

आम्ही सावकाश चाललो. पहिल्या हरणाला माझा बाण लागला, त्यांचा मागच्या पाल्यात गेला. ते प्राण्यासमोर उभे राहिले आणि मी वाकून पाला चाळत राहिले. "दिसतेस," ते मधूनच म्हणायचे. नियमात एवढं नव्हतं, पण ते दर वेळी म्हणायचे.

पुढच्या रविवारपासून मी थालीपिठं नेऊ लागले. लोण्याबरोबर. अस्वलाजवळच्या आडव्या झाडावर बसून आम्ही ती खायचो, बहुतेक वेळ न बोलता. त्यांनी ठिपक्यांच्या जॅकेटावरून माझी चेष्टा करायचं सोडलं नाही, पण मी ते टाकूनही दिलं नाही. वर नारिंगी टोपी असायची. कोट मात्र बाथरूमच्या कपाटातच राहिला. एका रविवारानं सगळं बदलत नाही.

मैत्रिणीची मेल यायची: आर्मगार्ड निघाला का? मी लिहायचे, या आठवड्यात. प्रत्येक सोमवारच्या यादीत ते काम पहिलं असायचं. पाकीट आणलं, त्यावर पत्ता घातला. पण काकांच्या आर्मगार्डचा पट्टा तुटला तेव्हा तिचा त्यांना दिला, आणि मग तो त्यांच्या हातालाच बसला. तिला खरं कळवलं. ती म्हणाली, "काकांना वापरू दे, मी कुठं घाईत आहे."

असे सत्तर-एक रविवार झाले असतील. वहीत सगळे आहेत. हजर: मी, काका.

मग दुसरा गुडघाही गेला. ऑपरेशन झालं, पण पायऱ्या चढता येईनात. त्यांच्या मुलीनं त्यांना आपल्याकडे मँचेस्टरजवळ न्यायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी मुलगीच त्यांना गाडीतून घेऊन आली. ते उतरले नाहीत, काच खाली केली. मी थालीपिठांचा डबा दिला. त्यांनी आर्मगार्ड परत दिला, कातड्याला मेण लावून, चकचकीत करून.

"हिला सांगितलंय, घरात फोडणी दिली तरी चालेल," ते मुलीकडे बघून म्हणाले. ती हसली. तिला काही कळलं नव्हतं.

"मी पाठवून देईन करून," मी म्हटलं.

"पोस्टानं? दगड होईल." मग माझ्या हातातल्या आर्मगार्डकडे बोट करून, "दुसरं कोणी शोध. कार्ड लाव लायब्ररीत."

"लावते."

"यादीत लिही."

मी त्यांच्यासमोरच वही काढून लिहिलं.

आता मी पुन्हा कागदापुढे उभी असते. नेम चांगला आहे. खोपटातली किटली दुसरंच कोणीतरी भरतं. कधी एखादी जोडी म्हणते, आमच्याबरोबर ये, आणि मी एखाद वेळी जातेही. ती दोघं पुढे बोलत चालतात, मी मागून. कोणाचा बाण हरवला तर मी प्राण्यासमोर उभी राहते.

कार्ड मी लिहिलंय. कपड्यांची छोटी यादीही त्याच्या मागे लिहिलीय: अंगालगत सुती नको, बाही घट्ट, टोपी नारिंगी, डब्यात काहीही चालेल. ते पर्समध्ये आहे. लायब्ररीत दर शनिवारी जाते, पुस्तकं बदलते, बोर्डापुढे थांबून बाकीची कार्डं वाचते. मैत्रिणीच्या आर्मगार्डचं पाकीटही तयारच आहे, पत्ता घातलेलं. पण कार्ड लावलं आणि कोणी आलंच, तर पहिल्या दिवशी त्याच्या हाताला बांधायला काहीतरी हवं, म्हणून ते थांबवलंय.

या आठवड्याची कामं: एक, बूट दुरुस्तीला. दोन, भाजणी दळायची. तीन, लायब्ररीत कार्ड. पहिली दोन झाली.